नवा गेम, पहिला तास: ग्राफिक्स आणि कंट्रोल्स आपल्या हाताला कसे बसवायचे

आमच्या मजल्यावर एक काका राहतात. बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, आता निवृत्त झालेत. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि त्याचा जुना पीसी घरीच राहिला. एका रविवारी काकांनी मला हाक मारली, "यात गाडी चालवायचा काही गेम असतो का गं?" मी त्यांना 'युरो ट्रक सिम्युलेटर २' टाकून दिला. २०१२ सालचा गेम आहे, जुन्या ग्राफिक्स कार्डावरही धावतो. त्यातल्या त्यात ब्रिटनमधून सुरुवात केली, कारण तिथे आपल्यासारखी डाव्या बाजूने गाडी चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडचं घेता येतं.

पाच मिनिटांत गाडी अडखळायला लागली. मी सवयीने सेटिंग उघडलं आणि आरशांची क्वालिटी खाली आणली. या गेममध्ये प्रत्येक आरशासाठी मागचं दृश्य वेगळं काढावं लागतं, त्यामुळे कार्डावर बराच भार पडतो. सगळीकडे पहिला सल्लाही हाच मिळतो. काकांनी स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आरसा धुरकट असेल तर मी गाडी डेपोबाहेर काढत नाही." मग आरसे हायवर परत ठेवले. त्याऐवजी सावल्या लो केल्या, गवत कमी केलं, स्क्रीनपेक्षा मोठं चित्र रंगवणारं स्केलिंग १०० टक्क्यांवर आणलं. गाडी सुरळीत झाली आणि आरसेही लख्ख राहिले.

काय बंद करायचं याच्या याद्या कुठेही मिळतात. काय सोडायचं नाही हे मात्र तुमचं तुम्हालाच ठरवावं लागतं. खाली मी ज्या क्रमाने जाते तो क्रम देते आहे. नव्याने पीसीवर खेळायला बसलेल्यांना एक-दीड तास पुरेल.

पायरी १: गेम उघडण्याआधी

मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहा. कॅबिनेटच्या मागे वरच्या भागात मदरबोर्डची सॉकेट्स असतात आणि खाली आडवी, ग्राफिक्स कार्डाची. केबल खालच्या सॉकेटमध्ये हवी. वर लावली तर घेतलेलं कार्ड बहुतेक वेळा नुसतं बसून राहतं. लॅमिंग्टन रोडवरून हौसेने पीसी जोडून आणलेल्या माझ्या एका मैत्रिणीने तीन महिने असंच खेळून काढलं होतं आणि कार्ड खराब निघालं असं ती धरून चालली होती.

मग विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवते ते, बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला तरी विंडोज कित्येकदा तो ६० वरच ठेवतं. स्वतः बदलावा लागतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा आणि विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या गेमला हाय परफॉर्मन्स द्या, नाहीतर तो आतल्या छोट्या ग्राफिक्सवर चालू राहू शकतो.

आता खोली. ही गोष्ट मी मुंबईकरांना आवर्जून सांगते, कारण परदेशातले व्हिडिओ बघून सेटिंग लावणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. मे महिन्यात आपल्या खोलीत दुपारी ३३-३४ अंश असतात, हवा दमट, वर फक्त पंखा. व्हिडिओतला माणूस एसीत बसलेला असतो. त्याच्याकडे जे सेटिंग दोन तास सुखाने चालतं, तेच आपल्याकडे अर्ध्या तासाने अडखळायला लागतं. बरेच लॅपटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. म्हणून लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका. मागून दोन जाड पुस्तकांवर उचलून धरा, म्हणजे खालून हवा जाईल. टॉवर भिंतीला चिकटवू नका, कपाटात तर मुळीच कोंडू नका. आणि कुठलंही सेटिंग "चाललं" असं म्हणण्याआधी त्यावर किमान अर्धा तास खेळा.

पायरी २: मोजमाप

डोळ्यांचा अंदाज पहिल्या दिवशी फसवतो. स्टीमच्या (गेम विकत घेऊन चालवायच्या ॲपच्या) सेटिंगमध्ये एफपीएस काउंटर चालू करता येतो. विंडोज आणि जी दाबून येणाऱ्या गेम बारमध्येही तो असतो.

एफपीएस म्हणजे एका सेकंदात किती चित्रं. ६० एफपीएसला एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं, ३० ला ३३.३, १४४ ला ६.९. ३० वरून ६० वर गेलं की वाचतात १६.७ मिलिसेकंद. ६० वरून १४४ वर गेलं की वाचतात जेमतेम १०. म्हणून पहिली उडी कोणालाही जाणवते, दुसरी जाणवायला जरा सवय लागते. मात्र आकडा मोठा असण्यापेक्षा तो स्थिर असणं महत्त्वाचं. ९० वरून ४५ वर आपटत राहणारा गेम एकसारख्या ६० पेक्षा जास्त त्रास देतो.

मोजायला एक ठरावीक जागा निवडा. भरलेला बाजार, धुरात चाललेली लढाई, पावसातला रस्ता, म्हणजे गेममधली सर्वांत जड जागा. मोकळ्या मैदानात उभं राहून मोजलेल्या आकड्यावर विसंबू नका.

पायरी ३: ग्राफिक्स, एका वेळी एकच

आधी मीडियमचा प्रीसेट (सेटिंगचा तयार संच) लावा आणि तिथून एकेक गोष्ट वरखाली करा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशाने पडला ते कळत नाही.

सुरुवात रिझोल्यूशनपासून. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २०.७ लाख ठिपके. १४४०पीला ३६.९ लाख, ४केला ८२.९ लाख. प्रत्येक चित्रात इतके ठिपके रंगवायचे असतात, त्यामुळे कार्डाचा घाम इथेच निघतो. यावरून एक चाचणी करता येते. रिझोल्यूशन तात्पुरतं ७२०पी करा. एफपीएस भराभर वाढले तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे. काहीच हललं नाही तर प्रोसेसर दमतो आहे, आणि मग सावल्या-बिवल्या कमी करून फार उपयोग नाही. गर्दी, रहदारी, किती दूरवरचं दिसावं, असली सेटिंग्ज खाली आणावी लागतील.

टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेलं चित्र. याचा संबंध कार्डावरच्या मेमरीशी. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयूवर क्लिक केलं की डेडिकेटेड मेमरी दिसते. ती पुरत असेल तर टेक्श्चर हाय ठेवल्याने वेग जवळजवळ कमी होत नाही आणि भिंती, कपडे, चेहरे सुरेख दिसतात. मेमरी भरली की मात्र गेम हळू होत नाही, झटके देतो. मान वळवली की अडकला, दार उघडलं की अडकला. असे झटके आले की पहिला संशय टेक्श्चरवर घ्या आणि एक पायरी खाली या.

सावल्या सगळ्यांत महाग. अल्ट्रावरून मीडियमवर आणल्या तर वेग चांगलाच वाढतो आणि खेळताना फरक फारसा कळत नाही. मी सहसा मीडियम ठेवते, लो नाही, कारण काही गेममध्ये कोपऱ्यापलीकडे उभ्या माणसाची सावली आधी दिसते आणि लोवर तीच गायब होते. रिफ्लेक्शन, धुकं आणि ढगांचं व्हॉल्यूमेट्रिक सेटिंग यांचंही तसंच, आधी तिथे कात्री लावा. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण खऱ्यासारखे मोजून रंगवणं) मधल्या दर्जाच्या कार्डावर सुरुवातीला बंदच ठेवा. अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग मात्र १६एक्सवर बिनधास्त न्या. समोर लांब जाणारा रस्ता, फरशी त्याने स्वच्छ दिसते आणि आजच्या कार्डांना त्याचं ओझं फार थोडं.

मोशन ब्लर (हलताना धूसर होणं), फिल्म ग्रेन (चित्रावरचे बारीक कण) आणि क्रोमॅटिक ॲबरेशन (कडांना रंगीत किनार) हे तिन्ही मी पहिल्याच मिनिटाला बंद करते. ही सर्वस्वी माझी आवड. कॅमेऱ्यातून पाहिल्याचा भास व्हावा म्हणून ते असतात, आणि मला गेममध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. माझ्या धाकट्या भावाला ग्रेन आवडतो, भुताखेतांच्या गेममध्ये तो काढूच देत नाही. त्याचंही बरोबर आहे.

एवढं करूनही वेग कमी पडला तर अपस्केलिंग. एनव्हिडियाचं डीएलएसएस आरटीएक्स कार्डांवर चालतं. एएमडीच्या एफएसआरच्या आधीच्या आवृत्त्या जुन्या आणि इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतात. १०८०पीच्या मॉनिटरवर क्वालिटी मोड लावला की गेम आत ७२०पीवर रंगवला जातो आणि मग मोठा करून दाखवला जातो. क्वालिटी चालेल. १०८०पीवर परफॉर्मन्स मोड मात्र मला नको वाटतो, केस आणि झाडांची पानं वितळल्यासारखी दिसतात. फ्रेम जनरेशन हे वेगळं प्रकरण आहे. त्यात मधली चित्रं बनवून घातली जातात, आकडा वाढतो पण माऊसचा प्रतिसाद सुधारत नाही, उलट थोडा मागे पडतो. मुळातले एफपीएस ६० च्या आसपास असतील तरच ते लावा.

पायरी ४: एफपीएसला मर्यादा

हे फार जण करत नाहीत आणि आपल्या हवेत तेच सर्वांत उपयोगी पडतं. गोष्ट सांगत नेणारे गेम मी ६० वर बांधून टाकते. कार्ड ९० काढू शकत असलं तरी ६० च. पंख्यांचा आवाज उतरतो, खोली तापत नाही आणि दुसऱ्या तासालाही गेम पहिल्या मिनिटासारखाच चालतो. चित्र मधूनच आडवं फाटल्यासारखं दिसत असेल तर व्ही-सिंक लावा. त्याने माऊस किंचित जड वाटतो, म्हणून मॉनिटरला जी-सिंक किंवा फ्रीसिंक (एफपीएसप्रमाणे रिफ्रेश रेट बदलायची सोय) असेल तर ते चालू करून एफपीएस रिफ्रेश रेटपेक्षा तीन-चारने खाली बांधणं जास्त चांगलं. १४४ चा मॉनिटर असेल तर १४० किंवा १४१.

पायरी ५: डोळे आणि डोकं

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची राहायला आली होती. वीस मिनिटं खेळली आणि हेडफोन काढून म्हणाली, "मावशी, मला मळमळतंय." चेहरा उतरला होता. अशा वेळी खेळ तिथेच थांबवायचा, "होईल सवय" म्हणून रेटायचं नाही. तिला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि संध्याकाळी सेटिंग बघितलं. फील्ड ऑफ व्ह्यू ६५ वर होता.

फील्ड ऑफ व्ह्यू म्हणजे एका नजरेत गेमचं किती जग दिसतं त्याचा कोन. लांबून टीव्हीवर खेळायचं असेल तर कमी कोन चालतो. पण आपल्या घरात मॉनिटर नाकापासून दीड-दोन फुटांवर असतो. एवढ्या जवळून अरुंद कोन म्हणजे पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून बघत पळण्यासारखं, आणि डोकं गरगरतं. मी तो ९० वर नेला, चालताना डोकं हलवणारं हेड बॉब बंद केलं, कॅमेरा शेक शून्यावर आणला, स्क्रीनच्या मधोमध एक छोटा ठिपका चालू केला म्हणजे नजरेला टेकायला जागा मिळते, आणि खोलीतला दिवा लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी ती तासभर खेळली.

इथे एक मेख आहे. काही गेम हा कोन आडवा मोजतात, काही उभा. नेहमीच्या १६:९ स्क्रीनवर उभा ५९ म्हणजे जवळपास आडवा ९०. म्हणून एका गेमचा आकडा दुसऱ्यात डोळे झाकून टाकू नका.

ब्राइटनेस ज्या वेळी खेळता त्याच वेळी लावा. दुपारी खिडकीच्या उजेडात लावलेला ब्राइटनेस रात्री डोळ्यांत घुसतो. "चिन्ह जेमतेम दिसेल इतकं करा" असं गेम सांगतो, तेव्हा खरंच जेमतेम दिसेल एवढंच करा. ट्यूबलाइट स्क्रीनमध्ये उमटत असेल तर गॅमा वाढवण्याऐवजी मॉनिटर थोडा फिरवा. लाल-हिरवा ओळखायला अवघड जात असेल तर रंगांधळेपणाचे मोड जरूर वापरून बघा. अक्षरं आणि सबटायटल्स मोठी करायलाही संकोच नको. घरचे झोपलेले असताना आवाजात नाइट मोड मिळाला तर तो लावा, कुजबुज ऐकू येते आणि स्फोटाने कोणी दचकत नाही.

पायरी ६: माऊस आणि फूटपट्टी

इथे घाई करू नका. ग्राफिक्स कमीजास्त असले तरी चालून जातं, माऊस हाताला बसला नाही तर गेम आवडतच नाही.

आधी विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये एनहान्स पॉइंटर प्रिसिजन बंद करा. ते चालू असलं की माऊस किती वेगाने हलवला त्यावर कर्सर किती जाईल ते बदलतं, मग हाताला अंतराची सवय लागत नाही. काही गेम रॉ इनपुट वापरून (माऊसची हालचाल थेट वाचून) ते ओलांडतात, पण सगळे नाही. गेममध्ये माऊस ॲक्सिलरेशन वेगळं दिसलं तर तेही बंद. डीपीआय (माऊस एक इंच हलला की किती टप्पे मोजतो) ८०० ठेवा आणि परत त्याला हात लावू नका. पुढचे सगळे बदल गेममधल्या सेन्सिटिव्हिटीत.

आता घरातली ३० सेंटीमीटरची फूटपट्टी आणा. गेममध्ये एखाद्या दारासमोर उभे राहा, नेमका मध्य दाराच्या कडीवर. माऊस पट्टीच्या शून्यावर ठेवा आणि उजवीकडे सरळ ओढत न्या, पूर्ण गिरकी घेऊन कडी पुन्हा मध्यावर येईपर्यंत. किती सेंटीमीटर लागले तो तुमचा आकडा. काउंटर-स्ट्राइकमध्ये ८०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी १ असेल तर जवळपास ५२ सेंटीमीटर लागतात. २ केली तर २६.

मोठे खेळाडू बहुधा हळू माऊस वापरतात, पूर्ण गिरकीला ४०-५० सेंटीमीटर, खांद्यापासून हात हलवून. पण टेबल मोजा. आमच्या घरातलं घडीचं टेबल दोन फुटांचं, म्हणजे ६० सेंटीमीटर. त्यावर ४४ सेंटीमीटरचा पूर्ण कीबोर्ड ठेवला की माऊसला उरतात १६. तिथे ५२ ची सवय लावून घेणं म्हणजे प्रत्येक वळणाला माऊस उचलून पुन्हा ठेवणं. मी कीबोर्ड तिरका करून नंबरपॅड टेबलाबाहेर लोंबू देते, तेव्हा २५ पर्यंत जागा मिळते, आणि माझी गिरकी २८ ची आहे. एकदा माऊस उचलावा लागतो, चालतं. जागा नसेल तर २५-३० पासून सुरुवात करा. निशाणा लक्ष्याच्या पुढे निघून जात असेल तर सेन्सिटिव्हिटी थोडी कमी, अलीकडेच थांबत असेल तर थोडी जास्त. एकदा लावली की आठवडाभर तीच ठेवा. रोज बदलली तर हात शिकत नाही.

दुसऱ्या गेममध्ये जाताना पट्टी पुन्हा काढा आणि तेवढेच सेंटीमीटर जुळवा. काउंटर-स्ट्राइकमधून व्हॅलोरंटला जाणार असाल तर सेन्सिटिव्हिटीला ३.१८ ने भागलं की झालं.

पायरी ७: कीबोर्ड

डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर आज सगळं जग चालतं, पण सुरुवातीच्या काळात असं नव्हतं. 'थ्रेश' या नावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगने १९९७ ची क्वेकची मोठी स्पर्धा जिंकली आणि गेम बनवणाऱ्या जॉन कारमॅकची फेरारी बक्षीस मिळवली. तो या कळा वापरायचा, आणि त्याच्यामुळे त्या पसरायला मोठा हातभार लागला. म्हणजे हीसुद्धा कोणा एकाची आवडच होती. डावखुरे असाल तर बाणांच्या कळांवर किंवा आय, जे, के, एलवर सगळं हलवा, हवं तसं.

मराठीत टाइप करणाऱ्यांना एक खास अडचण येते. डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की विंडोज भाषा बदलतं, आणि गेममध्ये या दोन्ही कळा सतत बोटाखाली असतात. पळता पळता कीबोर्ड मराठी होतो. काही गेममध्ये माणूस जागच्या जागी थांबतो, चॅटमध्ये डब्ल्यूच्या जागी दोन मात्रा उमटतात, आणि नवख्याला वाटतं कीबोर्ड बिघडला. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये इनपुट लँग्वेज हॉट कीज असतं, तिथे हा शॉर्टकट काढून टाका. विंडोज आणि स्पेसबारने भाषा बदलता येतेच. पाच वेळा शिफ्ट दाबल्यावर येणारी स्टिकी कीजची खिडकीही तिथल्या तिथे बंद करून घ्या.

बसणं, धावणं, नेम धरणं याला होल्ड की टॉगल असा पर्याय असतो. होल्डमध्ये कळ दाबून धरायची, टॉगलमध्ये एकदा दाबून सोडायची. ऑफिसात दिवसभर टायपिंग करून करंगळी दुखत असेल तर धावणं टॉगलवर टाका. मी धावणं टॉगल आणि नेम होल्ड ठेवते. बोटांना ताण देऊन मिळवलेला वेग फार दिवस टिकत नाही.

कंट्रोलर असेल तर आधी फक्त डेड झोन, म्हणजे स्टिक किती हलेपर्यंत गेम दुर्लक्ष करतो ते, बघा. स्टिकला हात न लावता कॅमेरा सरकत असेल तर डेड झोन हळूहळू वाढवा, सरकणं थांबलं की आणखी एक खाच आणि बस. वाय ॲक्सिस (वर-खाली बघणं) उलटा हवा की सुलटा यावर वाद घालण्यात अर्थ नाही. विमानाच्या गेममधून आलेल्यांना स्टिक मागे ओढली की नाक वर जायला हवं असतं. डोळे मिटून "वर बघ" म्हणा, अंगठा ज्या दिशेला जाईल तीच तुमची.

पायरी ८: लिहून ठेवा

सगळं जमलं की सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. गेम पुन्हा टाकला, मोठा अपडेट आला किंवा पीसी बदलला की सेटिंग्ज पुसली जाऊ शकतात, आणि गेमची प्रगती क्लाउडवर असली तरी सेटिंग्ज तिथे असतीलच असं नाही.

काकांना मोबाइलमधला फोटो शोधत बसायला आवडत नाही. त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानाचा तुकडा कॅबिनेटला चिकटवला आहे आणि त्यावर निळ्या पेनाने लिहिलं आहे: आरसे हाय. सावल्या लो. ६० वर बांधलेलं. सीट दोन खाचा मागे.